गावंडे सरांचा हिरवा दिवा

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. घरात दुधाच्या रिकाम्या पिशव्या साठतात ना, तसे ते साठतात. धुऊन, वाळवून, "लागतील कधीतरी" म्हणून कपाटात कोंबलेल्या. मग एक दिवस कशाला तरी कपाट उघडावं आणि सगळ्या अंगावर याव्यात! आमच्या इंग्रजी विभागाचं कपाट गेल्या आठवड्यात असंच उघडलं. त्या दिवशी काय झालं ते सांगतेच, पण क्रमाने.

विभाग म्हणजे अमरावतीच्या आमच्या कॉलेजातली जिन्याखालची एक खोली, दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि गावंडे सर. मी याच कॉलेजात सरांची विद्यार्थिनी होते, आता त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसते. अजूनही सर आत आले की मी उठून उभी राहते आणि सर म्हणतात, "बस वं, तुलेबी पगार मिळते आता."

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला सर एक जुनी अमेरिकन कादंबरी शिकवतात. नाव सांगत नाही, इंग्रजी घेतलेल्यांनी ओळखलीच असेल. गरिबीतून वर आलेला एक माणूस बक्कळ श्रीमंत होतो, खाडीच्या काठावर बंगला घेतो आणि अंगणात उभा राहून पलीकडच्या काठावरच्या हिरव्या दिव्याकडे बघत बसतो. तिथं त्याची जुनी प्रेयसी राहते, दुसऱ्याची बायको होऊन. शेवटी ती त्याला मिळत नाहीच, जीव मात्र जातो. कादंबरीत जिकडेतिकडे रंग आहेत. पिवळी गाडी, पांढरे कपडे, राखेचा करडा पट्टा आणि तो हिरवा दिवा. "रंगांची प्रतीकं स्पष्ट करा" हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो आणि त्यावर सरांइतकं सुंदर बोलणारा माणूस मी तरी अख्ख्या वऱ्हाडात पाहिला नाही.

आणि सरांना लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. जन्मापासून.

*

आम्हाला हे कळलं ते फळ्यावर. सरांना रंगीत खडूंची भारी हौस. पाणी निळं, गाडी पिवळी, सगळं चित्र काढून शिकवायचे. आमच्या वर्षी एक दिवस सर म्हणाले, "आणि हा पाहा, पलीकडच्या काठावर हिरवा दिवा," आणि त्यांनी लालभडक दिवा काढला.

माझ्या शेजारी सुनंदा बसायची, वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. ती कुजबुजली, "काहीतरी खोल असेल." झालं! सगळ्यांनी वहीत लाल दिवा काढला आणि खाली लिहिलं, हिरवा दिवा.

सुनंदाने तर परीक्षेत लिहून टाकलं की हा दिवा वरून आशेचा म्हणजे हिरवा दिसत असला तरी आतून धोक्याचा म्हणजे लाल आहे. सरांनी तो पेपर वर्गात वाचून दाखवला. म्हणाले, "हे कोणत्याच गाईडमध्ये नाही. हिनं स्वतः विचार केला."

सुनंदा आज बँकेत मॅनेजर आहे. भेटली की म्हणते, "आयुष्यात स्वतंत्र विचार म्हणून एकदाच शाबासकी मिळाली, तोही विचार सरांच्या खडूचा!"

*

सुनंदाला ती शाबासकी इतकी चढली की आम्ही राजापेठेत सरांच्या घरी पुस्तकं परत करायला गेलो तेव्हा तिने ती काकूंनाही ऐकवली. काकू म्हणजे सरांच्या बायको. त्या शेंगा सोलत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

"अवं पोरींनो, याइले लाल-हिरवा समजतच नाही. खडू चुकला असन, दुसरं काय!"

मग एकदम गंभीर झाल्या. आतल्या खोलीचं दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पण तुमाले माईत झालं हे त्याइले कळू देऊ नका. लग्न झालं तवाच मले सांगितलं त्याइनं. म्हणे, ज्या दिवशी पोट्ट्याइले समजन, त्या दिवशी मी हा पेपर सोडून देईन. ज्याले रंग दिसत नाहीत त्यानं रंग कायले शिकवावे, लोक हसतीन."

काकू गंमत करत नव्हत्या. सर एकदा बोलले की तसं करतात, हे आम्हालाही माहीत होतं. आणि तो पेपर सरांनी सोडला असता तर आमच्यासारख्यांचं काय राहिलं असतं? मी मोर्शीच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातून एसटीने यायचे. घरी वर्तमानपत्राशिवाय छापलेलं काही नव्हतं. एका पुस्तकात एवढं काही दडलेलं असतं आणि ते शोधून काढायचा हक्क मलाही आहे, हे मला त्या तासाला कळलं. सरांचे हे उपकार मी कोणत्याही जन्मात फेडू शकत नाही, आणि फेडायचेही नाहीत.

तेव्हा ठरलं की सरांना कळू द्यायचं नाही.

*

दुसऱ्याच दिवसापासून पहिल्या बाकाने खडूचा डबा ताब्यात घेतला. सर म्हणायचे, "हिरवा," की पहिल्या बाकावरून हिरवा खडू पुढे यायचा. "लाल," की लाल. आमची बॅच गेली, पुढची आली, तिच्या पुढची आली. दर वर्षी नव्या मुलांच्या स्वागताच्या दिवशी सीनिअर त्यांना दोनच गोष्टी सांगतात. कँटीनमधली भजी दुपारनंतर खायची नाहीत, आणि गावंडे सरांना खडू हातात द्यायचा. का द्यायचा, तेही सांगतात आणि वर शपथ घालतात.

सरांचा समज असा, की ही आपल्या विभागाची गुरुपरंपरा आहे. एकदा स्टाफ मीटिंगमध्ये त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. "आमच्याकडे अजून संस्कार आहेत. विद्यार्थी उठून गुरूच्या हातात खडू देतात."

इतिहासाचे विभागप्रमुख तिथंच बसले होते. त्यांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या वर्गात हात पुढे करून बराच वेळ वाट पाहिली. शेवटी मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "सर, काही पाह्यजे काय?"

*

एकदा सगळा वर्ग मोर्शीकडे एका विद्यार्थिनीच्या संत्र्याच्या बागेत गेला होता. तिच्या आजीने सरांना मानाने आत नेलं आणि म्हणाली, "गुरुजी, तुमच्या हातानं तोडा. पायजे थे झाड तुमचं."

सर निघाले झाडाखालून, आम्ही मागे. झाडावर पिकलेली संत्री होती आणि त्यांच्याच शेजारी कच्ची, हिरवीगार. सरांनी नेमकं हिरवं तोडलं. सोललं. पहिली फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

"कसं हाये गुरुजी?" आजीने विचारलं.

"लय छान," सर म्हणाले आणि पूर्ण संत्रं संपवलं.

आजी हबकली. "गुरुजी, थे तं आंबट ढोण असन!"

"मले आंबटच आवडते," सर म्हणाले.

आता सरांचा शब्द आणि आजीचा जीव! त्या वर्षापासून हंगाम आला की मोर्शीहून सरांच्या घरी पोतंभर हिरवी संत्री येतात, खास निवडून. आजी गेली, आता तिचा मुलगा पाठवतो. काकू त्यांचं लोणचं घालतात, कॉलेजात वाटतात, शेजारी वाटतात, तरी बरण्या उरतात. परवा मला म्हणाल्या, "माणसानं खोटं बोलावं, पण आवडीचं बोलू नये. लय वर्षं पुरते."

*

तपासणीची समिती आली होती तेव्हाची गोष्ट. स्मार्ट बोर्ड नुकताच बसला होता आणि प्राचार्यांनी सरांना बजावलं होतं की खडू नाही, स्लाइड पाहिजे. स्लाइड मी करून दिली. कादंबरीतले सगळे रंग चौकोनात, छान ओळीने. एवढी मोठी चूक माझ्या लक्षातच आली नाही की चौकोनांवर नावं टाकायची राहिली.

समितीचे अध्यक्ष मागे बसले होते. तास रंगला. मध्येच त्यांना काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "सर, यातला आशेचा रंग कोणता, जरा बोट ठेवून दाखवा."

सरांचा हात वर गेला आणि हवेत थांबला. तेवढ्यात शेवटच्या बाकावरचा, वर्षभर तोंड न उघडलेला एक मुलगा ताडकन उठला, "मी दाखवतो, सर!" म्हणत धावत गेला आणि त्याने हिरव्यावर हात ठेवला. त्याच्यामागे पिवळ्यासाठी एक मुलगी, पांढऱ्यासाठी आणखी दोघं. बघता बघता अर्धा वर्ग बोर्डाला चिकटला.

समितीने लिहिलं, विद्यार्थ्यांचा सहभाग उल्लेखनीय आहे. प्राचार्यांनी सरांना केबिनमध्ये बोलावून पेढा दिला आणि विचारलं, एवढी तयारी कधी करून घेतली?

सर म्हणाले, "तयारी कायची? मले तं बोलूच देल्लं नाही पोट्ट्याइनं."

*

सर मूळचे अकोल्याचे. जठारपेठेत त्यांचं जुनं घर आहे, भाऊ राहतो. लग्नाच्या वाढदिवसाला सर एकटेच तिथल्या दुकानात गेले. ढिगातून एक साडी स्वतः निवडली आणि घरी येऊन काकूंच्या हातात ठेवली. "हिरवी आणली," म्हणाले. "तुह्या मनात होती ना."

साडी तपकिरी होती. पार विटकरीकडे झुकणारी.

काकूंनी घडी मोडली, अंगावर धरून पाहिली आणि म्हणाल्या, "अशीच पायजे होती."

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायकांना त्यांनी एकेकीला गाठून सांगितलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकू ती साडी नेसून दारात उभ्या, सर आत पेपर वाचत बसलेले, आणि येणारी प्रत्येक बाई मोठ्याने म्हणत होती, "काय सुंदर हिरवी आहे हो!" मीही म्हटलं.

फक्त एक नव्याने राहायला आलेली बाई होती, तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती काकूंकडे बघत राहिली आणि मग शेजारणीला विचारलं, "अहो, अमरावतीत याला हिरवी म्हणतात का?"

शेजारीण म्हणाली, "या गल्लीत म्हणतात."

*

अकोल्याला एक चर्चासत्र होतं. माझा पहिला निबंध, कादंबरीतल्या पिवळ्या रंगावर. पिवळाच का, तर सरांचा पिवळा ऐकला होता म्हणून. बाकीचे रंग सर पुस्तकातून शिकवायचे, पिवळा मात्र डोळ्यांनी. तो त्यांना आपल्यापेक्षा जास्त दिसतो की काय असं वाटायचं. कापणीनंतर उन्हात पडलेलं तुरीचं खळं, लग्नाच्या घरातली हळद, त्या माणसाची गाडी, सगळं एका वाक्यात आणायचे. मी त्यातलं अर्धं उचललं होतं आणि तसं सांगूनही टाकलं होतं.

निबंध वाचून झाला. पुण्याहून आलेल्या एक बाई उठल्या. गोड हसून म्हणाल्या, "विषय चांगला आहे, पण तुमचं इंग्रजी जरा रांगडं वाटतं ऐकायला. उच्चारांवर काम करा."

मी खाली बघितलं. सभागृहात दोनचारजण हसले. मागच्या रांगेतून सर उठले. माइक नव्हता, त्यांना लागतही नाही.

"मॅडम, या कादंबरीतल्या माणसानंबी आपलं बोलणं बदलून पाह्यलं होतं. मोठ्या लोकाइसारखं. शेवटी त्याचं काय झालं, थे तुमाले माईत आहे."

बाई खाली बसल्या. परतीच्या एसटीत मी सरांना धन्यवाद म्हणायला लागले तर म्हणाले, "झोप आता. बडनेऱ्याले उठवतो." मी झोपले नाही. खिडकीकडे तोंड करून रडत होते, आनंदाने. आणि सर बघत नसल्याचं दाखवत होते.

*

आता गेल्या आठवड्याचं.

निखिल नावाचा मुलगा शेवटच्या वर्षाला आला आहे, मोर्शीकडचा. मध्ये शिक्षण सोडून भरतीच्या मागे होता. रोज पहाटे मैदानावर पळायचा. पळण्यात पास, लेखीत पास, आणि मेडिकलला रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकातला आकडा वाचता आला नाही म्हणून घरी. त्याने उशिरा, अर्ध्या वर्षात नाव घातलं. त्यामुळे स्वागताच्या दिवशी तो नव्हता आणि सरांचं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

पुढचा तास माझा होता, म्हणून मी दारात येऊन थांबले होते. सर हिरव्या दिव्यापाशी पोचले होते. पहिल्या बाकावरून हिरवा खडू पुढे झाला आणि तेवढ्यात निखिल उभा राहिला.

"सर, माह्यं नाव या पेपरातून कमी करा."

"कावून?"

"मले हिरवा-लाल समजत नाही, सर. त्याच्यातच भरती गेली. आता अठीबी तेच. जे दिसतच नाही, त्याच्यावर मी काय लिहू?"

तो चिडून बोलत नव्हता. थकून बोलत होता. पुस्तक त्याने आधीच पिशवीत भरलं होतं.

पहिल्या बाकावरच्या मुलीने माझ्याकडे बघितलं. सर त्याला काय सांगू शकतात हे तिथं निखिल सोडून सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते सांगितलं तर सरांचं काय जाईल हे मला. "पाठ कर आणि लिही," एवढं म्हणून सर मोकळे होऊ शकत होते. मनातल्या मनात मी तेच म्हणत होते, म्हणा सर, तेवढंच म्हणा.

सरांनी खडू टेबलावर ठेवला. चष्मा काढला.

"मलेबी नाही समजत," ते म्हणाले. "लहानपणापासून."

अशा वेळी वर्गाने चकित व्हायला हवं होतं. पण त्याची तालीम कुणीच केली नव्हती. मागून कुणीतरी गॅदरिंगच्या नाटकातल्या आवाजात म्हणालं, "काय सांगता, सर!" आणि एका मुलीने गालावर हात ठेवला, तोही उशिरा.

सर एकेका चेहऱ्याकडे बघत गेले.

"तुमाले माईत होतं," ते म्हणाले.

मग त्यांनी दाराकडे बघितलं. "तुलेबी?"

"हो, सर."

"कवापासून?"

"आमच्या बॅचपासून, सर."

सर खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत राहिले, स्वच्छ झाला तरी पुसत राहिले. मग कादंबरी मिटली, पिशवीत टाकली आणि दाराकडे चालू लागले, म्हणजे माझ्याकडे. काकूंनी शेंगा बाजूला ठेवून सांगितलेलं वाक्य मला शब्दन्‌शब्द आठवत होतं. मी वाटेतून बाजूला व्हायला हवं होतं. झाले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी सरांची वाट अडवून उभी राहिले.

मागे निखिल अजून उभाच होता.

"सर," तो म्हणाला, "मंग थो दिवा तुमाले कसा दिसते?"

सर थांबले. मग वळले, टेबलापाशी गेले, पिशवीतून पुस्तक काढलं आणि पान शोधून उघडून ठेवलं.

"लय दूर दिसते," ते म्हणाले. "तुले?"

"मलेबी, सर," निखिल म्हणाला आणि खाली बसला.